वेदीपुढच्या निळ्या लाद्या

माझा भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. वडील गेले तेव्हा तो कॉलेजात होता आणि मी नुकतीच गावातल्या मराठी शाळेत शिकवायला लागले होते. वसईच्या पश्चिमेला आमची केळीची आणि पानवेलींची लहानशी वाडी होती, ती आई बघायची. भावानं रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि मुंबईत एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, नोकरीला लागला. आईला वाटलं, आता एक काळजी मिटली. पण सत्तरचं दशक संपता संपता त्यानं ती नोकरी सोडली आणि वालीवला एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. तिथं तो रंगीत सिमेंटच्या लाद्या पाडणार होता.

त्या काळात सिमेंट परमिटवर मिळायचं. लोकांना घराच्या भिंती उभ्या करायला सिमेंट मिळत नव्हतं आणि हा त्याच्यात रंग कालवायला निघालेला. शेजारच्यांनी आईला तोंडावर विचारलं, "पोराला झालंय काय?" आई म्हणायची, "शिकलाय तो. त्याला कळतं." घरात मात्र ती मला विचारायची, "त्याला खरंच कळतं ना ग?"

शेड सुरू होण्याआधी कारखाना आमच्या स्वयंपाकघरातच होता. आईच्या स्टीलच्या वाट्यांना आतून तेलाचं बोट फिरवून तो त्यात पांढरं सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग भरायचा. घट्ट झालं की वाटी उपडी करून ठोकायची. आई त्या गोल चकत्यांना वड्या म्हणायची. लाल वड्या, पिवळ्या वड्या, काळ्या, हिरव्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांची रांग लागलेली असायची. तो त्या पाण्यात बुडवायचा, उन्हात ठेवायचा, खिळ्यानं खरवडायचा आणि पुन्हा रांगेत ठेवायचा.

एका रविवारी त्यानं माझ्या हातात दोन लाल वड्या दिल्या. एक विटेसारखी, दुसरी त्याहून खूप गडद, जवळजवळ रक्ताच्या रंगाची.

"कुठली चांगली?" त्यानं विचारलं.

मी गडद वडी दाखवली. त्यानं ती दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून मोडली. बिस्किटासारखी मोडली.

"रंगाची पूड सिमेंटपेक्षा बारीक असते, बाय," तो म्हणाला. तो मला बायच म्हणायचा. "ती पाणी पिते. रंग वाढवला की पाणी वाढवावं लागतं. पाणी वाढलं की लादी सुकताना आतून पोकळ राहते. लोकांना गडद रंग हवा असतो आणि गडद लादी कच्ची असते."

"मग भिंतीला देतात तसा वरून रंग का देत नाहीस?"

"तो वर बसतो आणि पायाखाली झिजतो. हा आत राहतो. पण आत चुना असतो. सिमेंट घट्ट होताना चुना सोडतं. ज्या रंगाचं चुन्याशी जमत नाही तो रंग मरतो. लाल म्हणजे लोखंडाचा गंज, त्याला चुना काही करत नाही. पिवळाही तसाच. निळ्याचं मात्र कठीण आहे."

निळा म्हणजे आपली कपड्यांना घालायची नीळ, हे त्यानं सांगितलं तेव्हा आईला हसू आलं. चुन्यात टिकणारा दुसरा निळा परदेशातून यायचा, तो आमच्यासारख्यांना मिळणारा नव्हता. इथली नीळ सिमेंटात घातली की काही महिन्यांत राखेच्या रंगाची होते, असं त्याच्या जुन्या कारखान्यातले लोक सांगायचे. त्याला ते पटत नव्हतं. पांढऱ्या सिमेंटात भाजलेल्या चिनी मातीची पूड घातली तर ती मोकळा चुना धरून ठेवते आणि नीळ वाचते, असं त्याचं म्हणणं. तशी एक वडी त्यानं केली. बाकीच्या सगळ्या वड्या त्यानं फेकल्या, मोडल्या, मुलांना लगोरीला दिल्या, पण ती निळी वडी वर्ष उलटून गेलं तरी खिडकीत होती आणि निळीच होती.

वालीवच्या शेडमधून लाल आणि पिवळ्या लाद्या जायला लागल्या. हातानं दाबायचा एक प्रेस, दोन माणसं, लाद्या भिजत ठेवायचा एक हौद. भाऊ सकाळी सायकलनं स्टेशनपर्यंत जायचा, पूल ओलांडून पूर्वेला, आणि संध्याकाळी यायचा तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या लाल किंवा पिवळ्या असायच्या. आई ओळखायची, आज कुठला रंग झाला ते. ती दोन वर्षं आमच्या घरात बरी गेली.

मग आमच्या चर्चच्या दुरुस्तीचं निघालं. छप्पर बदललं, भिंतींना नवा गिलावा झाला, आणि वेदीपुढची जुनी फरशी काढायचं ठरलं. फादर स्वतः आमच्या घरी आले. पन्नाशीचे, शांत बोलणारे, शेजारच्याच गावचे.

"मरियामातेचं चर्च आहे," ते म्हणाले. "वेदीपुढे निळं असावं असं सगळ्यांच्या मनात आहे. आणि गावातला मुलगा लाद्या करतोय तर बाहेर कशाला जायचं?"

"फादर, लाल घ्या," भाऊ म्हणाला. "लालचा भरवसा मी देतो. निळ्याचा मला देता येत नाही."

फादर उठून खिडकीपाशी गेले. ती वडी त्यांनी हातात घेतली. "हे काय आहे मग?"

"ती इथं सावलीत पडून आहे. तिच्यावर कुणी चालत नाही, कुणी गुडघे टेकत नाही."

"चर्चमध्ये तरी कुठं ऊन येतं?"

आई दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. आमच्या वडिलांना शेवटच्या प्रार्थनेसाठी त्याच वेदीपुढे ठेवलं होतं, तिचं लग्न तिथंच लागलं होतं. ती घरच्या बोलीत बोलली, मी ती इथं सरळ करून लिहिते. "हो म्हण रे पोरा. देवाचं काम आहे. तुझ्या हातून व्हायचं असेल म्हणून तर फादर आले."

भावानं आईकडे पाहिलं, मग त्या वडीकडे. त्याच्या मनात नव्हतं असं मी म्हणणार नाही. जे कुणाला जमलं नाही ते आपल्याला जमलंय असं त्यालाही आतून वाटत होतंच. तो हो म्हणाला.

त्या लाद्यांवर त्यानं जीव टाकला. वालीवचं पाणी मचूळ, म्हणून आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी पिंपांत भरून टेंपोनं नेलं. समुद्राची वाळू त्यानं शेडमध्ये येऊ दिली नाही. निळ्याचं प्रमाण तो स्वतः तोलायचा, माणसांना हात लावू द्यायचा नाही. लाद्या हौदात नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवल्या. बसवताना तो गवंड्याच्या शेजारी उकिडवा बसून राहिला.

गावच्या सणाला चर्च उघडलं तेव्हा लोक दारातच थांबले. वेदीपुढे पाणी साठलंय असं वाटावं इतकं ते निळं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण पुढे जाणाऱ्या माणसांनी चपला काढल्या. मिस्सेची उपासना झाल्यावर आई पुढे गेली, वाकली, आणि तळहात लादीवर टेकवून तशीच राहिली. बायका तिच्याभोवती जमल्या. भाऊ मागे पुरुषांच्या बाकांपाशी उभा होता, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली तर तो दचकला. घरी आल्यावर त्यानं दोन वेळा वाढून घेतलं. तो असा जेवलेला मी त्यानंतर पाहिला नाही.

पावसाळा लागला आणि लाद्यांवर पांढरं आलं. आधी सांध्यांजवळ, मग मधोमध, जणू कुणी पिठाचा हात फिरवलाय.

भाऊ घाबरला नाही. त्यानं मला नीट समजावलं. लादीतला उरलासुरला चुना ओलीबरोबर वर येतो, हवा लागली की पांढरा होऊन बसतो. सगळ्याच रंगांत येतो. पिवळ्यात दिसत नाही, गडद रंगावर उठून दिसतो. दोन-तीन पावसाळे येईल आणि कमी होत जाईल. फादरांना त्यानं सांगितलं, साध्या पाण्यानं पुसा, बाकी काही करू नका. फादरांनी झाडलोट करणाऱ्याला सांगितलं. आईला कुणी सांगितलं नाही. तिला काळजी लागू नये म्हणून भाऊ तिच्यापुढे लाद्यांचा विषयच काढत नव्हता.

पण आई रोज चर्चला जायची. तिला दिसत होतं, आणि बोलणंही कानावर येत होतं. "मीठ फुटलंय लाद्यांतून," असं बाजारात कुणीतरी म्हणालं. तिच्या जिवाला ते लागलं.

भाऊ संगमरवराची पूड आणायला राजस्थानला गेला होता. मी शाळेत. आईनं शेजारच्या चार बायका जमवल्या. आमच्याकडे तांब्याची भांडी चिंचेनं घासतात, कळकट काहीही असलं तर चिंच नाहीतर शिरका. सणाच्या लोणच्यासाठी केलेला ताडीचा शिरका घरात होता, तो तिनं बरोबर घेतला. चिंचेचं पाणी केलं. नारळाच्या काथ्यानं त्यांनी वेदीपुढची जागा दुपारभर घासली.

मी शाळेतून आले तेव्हा आई ओट्यावर पाय पसरून बसली होती. बोटं सुरकुतलेली, चेहरा उजळलेला. "जा, बघून ये," म्हणाली. मी गेले. लाद्या ओल्या होत्या आणि सणाच्या दिवसापेक्षाही निळ्या दिसत होत्या. मलाही वाटलं, बरं झालं.

भाऊ दोन-तीन दिवसांनी परतला. दुपारी जेवायला बसला तेव्हा आईनं त्याला माशाची कढी वाढता वाढता सगळं सांगितलं. कशी चार जणींनी मिळून लादी घासली, कसं पांढरं निघालं, फादर कसे खूश झाले.

"पण वास काय तो," आई म्हणाली. "घासताना नुसता कुजक्या अंड्यांचा वास सुटला होता. मोरीत काहीतरी मेलं असणार. सांगायला हवं कुणालातरी, साफ करून घ्या म्हणून."

भावाचा घास हातातच राहिला.

"कशानं घासलंत?" त्यानं विचारलं.

"शिरका होता घरात. आणि चिंच."

"बरं केलंस, आई," तो म्हणाला. घास खाल्ला. ताट संपवलं. हात धुऊन तो मागे विहिरीवर गेला आणि मी त्याच्या मागे गेले, कारण त्याचा उतरलेला चेहरा माझ्या नजरेतून सुटला नव्हता.

"तो वास मोरीचा नव्हता," तो म्हणाला. "निळीत गंधक असतं. आंबट लागलं की नीळ फुटते. फुटताना तो वास येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या घासत होत्या तेव्हाच रंग मरत होता. ओलं आहे तोवर कळणार नाही. सुकलं की दिसेल."

"आईला सांगायला हवं," मी म्हणाले. "निदान पुन्हा घासणार नाहीत."

"ते मी फादरांकडून बंद करवतो. तिला सांगू नकोस." त्यानं माझा हात धरला. "बाय, तिला काय सांगायचं? तिनं शिरका ओतला आणि देवापुढचा रंग गेला, हे? ती त्यातून उठेल का?"

मी विचारलं, घासलं नसतं तर टिकला असता का?

"माहीत नाही," तो म्हणाला. "कदाचित असाही गेला असता. आता कधी कळणार नाही."

पंधरवड्यात दिसायला लागलं. निळ्यावर करडे पट्टे उमटले, सरळ नव्हे, अर्धगोल. बाई गुडघ्यावर बसून एका हातावर भार टाकते आणि दुसरा हात समोर फिरवते, त्या फिरण्याचा आकार. एकाशेजारी एक. ज्या बाईचा हात लांब तिचा पट्टा मोठा. मी त्यातले आईचे ओळखू शकत होते, ती डावरी होती. गावात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. लोक एवढंच म्हणाले की लाद्या कच्च्या निघाल्या. वरचा पापुद्राही शिरक्यानं खाल्ला होता. बायका गुडघे टेकून उठल्या की तांबड्या लुगड्यांवर राखेसारखी पूड लागायची, आणि त्या ती झटकायच्या, आईच्या देखत.

फादरांनी मिस्सेनंतर काही लोकांना थांबवून घेतलं. भावाला विचारलं, काय झालं. आई बायकांच्या बाकावर बसलेली होती.

"रंगाचा अंदाज चुकला," भाऊ म्हणाला. "माझ्याकडून चुकला. मी काढून लाल बसवून देतो."

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आता राहू दे. पुन्हा तोडफोड नको." फादर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू आधीच सांगितलं होतंस." त्यांचा आवाज प्रेमाचाच होता. पण सगळ्यांनी मान हलवली आणि तो विषय तिथं संपला. कुणी भांडलं असतं, कुणी शिव्या दिल्या असत्या, तर भावाला तोंड उघडता आलं असतं असं मला पुष्कळदा वाटलं. तशी वेळ कुणी त्याच्यावर आणली नाही.

त्या दिवसानंतर आई बोलेनाशी झाली. वाडीत जायची, पाणी सोडायची, जेवण करायची. एका सकाळी मी शाळेत निघाले असताना ती म्हणाली, "तो लाल म्हणत होता. मीच मध्ये तोंड घातलं. मी गप्प बसले असते तर पोराचं नाव गेलं नसतं."

तिनं स्वतःला दोष लावून घेतला होता, आणि तोही भलताच. जो खरा होता तो सांगून हा काढता येत नव्हता.

"तसं काही नाही, आई," एवढंच मला म्हणता आलं.

"तसंच आहे," ती म्हणाली.

हळूहळू लाद्यांची मागणी बंद झाली. आसपासच्या गावांत लोक एकमेकांच्या चर्चला जातात, सणाला, लग्नाला, मौतीला. प्रत्येकाच्या नजरेला ती फरशी पडायची. लाल लाद्यांत काही दोष नव्हता, पण लाद्या त्याच शेडमधल्या. भावानं काही महिने ओढलं. संध्याकाळी तो यायचा तेव्हा कानांच्या पाळ्या स्वच्छ असायच्या. आई त्या बघायची आणि चहाला आधण ठेवायची. शेवटी त्यानं प्रेस विकला, हौद फोडून दिला, आणि गावातले बरेच जण जात होते तसा तोही आखातात गेला. तिथं रस्त्याच्या कडेला लावायचे सिमेंटचे ठोकळे पाडायचं काम होतं. कुठलाही रंग न घातलेले.

तो तिकडे असतानाच आई गेली. आजार मोठा नव्हता, तिनं खाणं सोडलं होतं. तार केली. त्याचा पासपोर्ट कंपनीकडे, साहेब रजेवर, दोन दिवस तो कचेरीच्या दारात बसून राहिला असं नंतर कळलं. आम्ही थांबू शकलो नाही. तिला त्याच वेदीपुढे ठेवलं. वडिलांच्या वेळी होती ती जुनी फरशी आता नव्हती. पट्टे झाकायला तिथं एक लाल सतरंजी घातलेली असायची. शवपेटी ठेवताना ती सरकली, आणि मी मिस्सा संपेपर्यंत त्या उघड्या पडलेल्या अर्धगोलांकडे बघत होते. प्रार्थनेतला एक शब्द माझ्या कानात गेला नाही.

पुढे काही वर्षांनी चर्चनं संगमरवर बसवला. लाद्या उपटायचं काम चाललं होतं तेव्हा मी शाळेतून परतताना आत डोकावले. कामगार कुरकुरत होते, लाद्या फुटता फुटत नव्हत्या. पहार मारली की पहार उसळायची. कोपऱ्यात गुडघे टेकायची लाकडी फळी उचलली, तिच्याखालच्या दोन-तीन लाद्यांपर्यंत कुणाचा काथ्या पोचला नव्हता. त्या सणाच्या दिवशी होत्या तशाच निळ्या होत्या. मी विचारलं असतं तर त्यांनी मला एक काढून दिली असती. मी मागितली नाही. संध्याकाळपर्यंत सगळा राडारोडा गाडीत भरून गेला.

भाऊ परत आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी त्याला बरं वाटेल.

तो म्हणाला, "फळीखाली ओल नाही, पाय नाहीत, काही नाही. त्यावरून बाकीच्यांचं काय झालं असतं ते ठरत नाही."

"पण लाद्या कच्च्या नव्हत्या. फुटत नव्हत्या त्या."

"लादीचं पोट मजबूत होतं," तो म्हणाला. "मी रंग वरच्या थरातच घातला होता." आणि उठून वाडीत गेला. वाडीत तेव्हा फारसं उरलं नव्हतं. विहिरीचं पाणी खारट होत चाललं होतं आणि पानवेली आईबरोबरच गेल्या होत्या.

त्यानं कामणच्या बाजूला एका गोदामात माल मोजून घेण्याची नोकरी धरली. लग्न केलं नाही. रविवारी तो दुसऱ्या गावच्या चर्चला जायचा, पहाटेच्या मिस्सेला, शेवटच्या बाकावर. मी एकदा विचारलं, आईची गोष्ट आता तरी कुणाला सांगायची का, फादरांना तरी, तुझ्यावरचा बोल जाईल. तो म्हणाला, "ती गेली म्हणून काय झालं?"

तोवर वसईत सगळीकडे इमारती उठायला लागल्या होत्या. सिमेंट हवं तेवढं मिळत होतं. एका संध्याकाळी एक तरुण बांधकामवाला पत्ता विचारत आमच्या घरी आला. त्याला अंगणात बसवायला रंगीत लाद्या हव्या होत्या, आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की या घरात रंगातलं कळणारा माणूस आहे.

"पावसात टिकेल असा निळा मिळेल का?" त्यानं विचारलं.

भाऊ ओट्यावर बसून पायातले बूट सोडत होता. "मला त्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलं."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी चहा घ्या म्हणाले, पण तो घाईत होता. तो फाटकातून बाहेर पडेपर्यंत भावानं दुसऱ्या बुटाची नाडी सोडवली नाही.